कुठली मेरी जेसी?

मोराग खाडी, केप ब्रेटन
३ ऑक्टोबर

चि. लॉकी,
अनेक आशीर्वाद.

ताजी बातमी आधी. सवय जात नाही. आपल्या गावच्या मेरी जेसी गिलिसने परवा हॅलिफॅक्सला वरिष्ठ न्यायालयाची न्यायाधीश म्हणून शपथ घेतली. कचेरीत फोन करून मी खात्री केली. कारकून म्हणाला, कार्यक्रम दहा मिनिटांत आटोपला, केक मात्र चांगला होता.

आता माझी बातमी. लाल पक्षाचं सरकार आल्यापासून प्रांतात नेमलेल्या न्यायाधीशांची यादी मी माझ्या ‘कुंपणावरून’ या ब्लॉगवर टाकली. कुणी कुठल्या पक्षाला देणगी दिली याची सरकारी नोंद कुणालाही बघता येते, फक्त बघायला बसावं लागतं. मी तीन आठवडे बसले. अकरापैकी सात जणांनी लालांना देणगी दिलेली, आणि गिलिसबाईंनी तर सलग नऊ नाताळांना! शहरातल्या पेपरने यादी माझ्या नावासकट उचलली, आणि त्यांच्या त्या निळ्या पक्षवाल्या स्तंभलेखकाने रविवारचा आख्खा स्तंभ त्या यादीवर लिहिला. आपलं साप्ताहिक बंद पडलं तेव्हा तू मला म्हणाला होतास की आता विणकाम शिक. एकतीस वर्षं बातम्या लिहिणाऱ्या बाईला! शिकले नाही ते बरंच झालं.

आई ठीक आहे. वृद्धाश्रमात तिने फादरना पत्त्यांत हरवलं आणि ते मुद्दाम हरले म्हणून त्यांच्यावरच चिडली.

वकिली करतोस तशी झोपही करत जा. मायेत कमी नाही, हे न लिहिताही तुला ठाऊक आहे.

तुझी,
मर्डीताई


हॅलिफॅक्स
९ ऑक्टोबर

ती. मर्डीताईस,
सा. न. वि. वि.

आईचा नियम पाळून फोन करत नाही. भांडण टपालानेच करायचं, तिकीट चिकटवेपर्यंत निम्मा राग उतरतो, असं ती म्हणते. माझा उतरलेला नाही, म्हणून दुसरं तिकीटही चिकटवलं आहे.

गुरुवारी मी गिलिसबाईंच्या कोर्टात माझ्या खटल्याची वाट बघत होतो. आधीचा खटला शेजाऱ्यांच्या हद्दीचा, एका शेडवरून. हरलेला गृहस्थ उठला, खिशातून तुझ्या ब्लॉगचा छापलेला कागद काढला आणि सगळ्यांसमोर ओरडला की बाई, ही खुर्ची नऊ हप्त्यांत घेतलीत, मग माझा निकाल कुणाच्या हप्त्यात लागला? बाईंनी कागदाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पुढचा खटला पुकारायला सांगितला. दुसरं काय करणार? न्यायाधीशाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. पेपरात नाही, ब्लॉगवर नाही, चहाच्या टेबलावरसुद्धा नाही. तुझ्या यादीला उत्तर देता येणार नाही अशी गावातली एकुलती एक बाई तू निवडलीस.

आणि ताई, एक सांग. कुठली मेरी जेसी?

आपल्या खाडीवर मला चार मेरी जेसी गिलिस आठवतात. न्यायाधीश झाली ती गिरणीवाल्यांची. मासे घ्यायला गेलीस की तू विचारतेस, कुठल्या अँगसच्या होडीचे? मयताला जाताना विचारतेस, कुठल्या रोरीची बायको गेली? घराण्याचं टोपणनाव लावल्याशिवाय आपल्याकडे कुत्रंसुद्धा ओळखत नाहीत. त्या सरकारी नोंदीत काय लिहिलंय? नुसतं ‘मेरी जे. गिलिस, मोराग खाडी’, हो ना? मग तू विचारलंस कुणाला?

शेवटचं. तुझी यादी लालांपासूनच का सुरू होते? त्याआधी निळ्यांची नऊ वर्षं होती, तेव्हा काय न्यायाधीश आभाळातून पडायचे?

रागावलीस तरी लिही. न लिहिलंस तर मात्र मी घाबरेन.

तुझा,
लॉकी


मोराग खाडी
१६ ऑक्टोबर

चि. लॉकी,
आशीर्वाद, आज जरा खालमानेने.

तू बरोबर, मी चूक. हे वाक्य कापून चौकटीत लाव, पुन्हा मिळायचं नाही.

पत्र वाचलं आणि तशीच होडीवाल्यांच्या मेरी जेसीकडे गेले. ब्याऐंशी वर्षांची बाई, दारातच विचारते, कोण मेलं? म्हटलं, कुणी नाही, देणग्यांचं विचारायला आले. तर केवढी खूश झाली! दर नाताळात लालांना चेक तीच पाठवते. का, तर वादळात वाहून गेलेला धक्का त्यांनी बांधून दिला आणि तिच्या नवऱ्याची होडी वाचली. सगळ्या पावत्या तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या आहेत. मी त्या बघितल्या. वर ओटकेक खाऊ घातले आणि म्हणाली की तुम्ही निळ्या लोकांनी आम्हाला एक खिळा तरी दिलात का?

गिरणीवाल्यांच्या मेरी जेसीने आयुष्यात कुठल्याच पक्षाला छदाम दिलेला नाही. तिच्या भावाने सांगितलं. तो माझ्याशी फाटकाबाहेरूनच बोलला, आत बोलावलं नाही.

त्याच संध्याकाळी दुरुस्ती लिहिली, ब्लॉगच्या डोक्यावर, यादीपेक्षा मोठ्या अक्षरांत. चूक कशी झाली तेही लिहिलं. खरं कारण मात्र तुलाच सांगते. तो नऊचा आकडा दिसला आणि मला हवा होता तसा दिसला. तो लालांऐवजी निळ्यांचा असता, तर मी चार दारं ठोठावली असती.

शहरातल्या पेपरने दुरुस्ती दोन ओळींत छापली, जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली. स्तंभलेखक म्हणतो, एक नाव चुकलं तरी मुद्दा खराच आहे. माझ्या वाचकांपैकी एकाने विचारलंय की लालांनी मला काय दिलं.

निळ्यांची नऊ वर्षं उद्यापासून. या वेळी प्रत्येक नाव दोन माणसांना विचारून. आणि नोंदी सुरू होण्याआधीचं जे मला स्वतःला ठाऊक आहे, तेही लिहिणार. पहिलं नाव बाबांचं.

माया कर, रागही सोबत आला तर येऊ दे.

मर्डीताई


हॅलिफॅक्स
२२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निळ्यांची वर्षं जरूर लिही. बाबांचं नको.

बाबा चौदा वर्षं जिल्हा न्यायाधीश होते. सख्ख्या मामेभावाचं लायसन्स त्यांनी रद्द केलं आणि नंतर त्याच्याच मयताला पुढच्या बाकावर बसले. अजूनही इथले म्हातारे वकील मला बघून म्हणतात, तुझ्या बापाच्या कोर्टात हरलो तरी न्याय मिळाल्यासारखं वाटायचं. त्यांना तू त्या स्तंभलेखकाच्या तोंडी देणार? का लालांच्या? दोघंही सोडणार नाहीत. लालांना मारायला काठी मिळेल, स्तंभलेखकाला लपायला ढाल.

आणि आई? नव्वदाव्या वर्षी तिने हे कुणाच्या तोंडून ऐकायचं? वृद्धाश्रमात जेवताना शेजारी बसणाऱ्या त्या लाल बाईच्या?

तू न्यायाची बहीण असशील, पण माझीही आहेस. एवढं ऐक.

लॉकी


मोराग खाडी
२८ ऑक्टोबर

चि. लॉकी,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, मग कोट घालून आईकडे गेले. तिने ते माझ्याच तोंडून ऐकलं. मी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं: बाबा जिल्ह्यात निळ्यांचे अध्यक्ष होते, आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर मी प्रचाराची पत्रकं घडी करत असे, निळ्यांनी निवडणूक जिंकली आणि पुढच्या वसंतात बाबांची नेमणूक झाली.

आईने डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली की मंत्र्यांच्या पत्राआधी फोन आला होता, तो पक्षाच्या माणसाचा. बाबांनी फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन बसले. ती बघायला गेली तर रडत होते. म्हणाले, मी याला लायक आहे की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही. आता तूच सांग, चौदा वर्षं ते इतके नेकीने का वागले? शेवटी आई मला म्हणाली, हे लिही. आणि नीट लिही, तुझ्या बापाला घाईची कामं आवडत नसत.

लॉकी, मला हेच म्हणायचं आहे. बाबा चांगले न्यायाधीश होते आणि ती खुर्ची पक्षाने दिली होती. दोन्ही खरं आहे. गिरणीवाल्यांच्या मेरी जेसीला कुणी काही दिलेलं नव्हतं, तरी लोकांनी पटकन विश्वास ठेवला, कारण इतकी वर्षं आपण सगळ्यांनी हेच चालवलं. तिचं नाव धुवायचं तर आपल्या घरचं कापड आधी पाण्यात घालायला हवं. नाहीतर माझी यादी म्हणजे कुंपणावर ठोकलेला आणखी एक निळा प्रचारफलक.

शुक्रवारी सकाळी सहाला टाकते, साप्ताहिक निघायचं त्या वेळेला. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये वार्षिक जेवण आहे. गिरणीवाल्यांची मेरी जेसी दर वर्षी येते. ती माझ्याशी बोलणार नाही, आणि ते योग्यच. मी नेहमीच्या टेबलावर बसणार आहे. तिथे कोण बसेल ते दिसेलच.

मसुदा सोबत पाठवते. छापण्याआधी वाचणारा आता दुसरा कुणी उरला नाही.

मर्डीताई


हॅलिफॅक्स
१ नोव्हेंबर, तातडीच्या टपालाने

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मसुदा वाचला. निळ्यांच्या वर्षांतली नावं मी माझ्याकडून तपासली, बरोबर आहेत. पान दोनवर एक चूक आहे, ती सुधार.

बाबांची नेमणूक पुढच्या वसंतातली नाही. त्यांचं नेमणूकपत्र माझ्या कचेरीत भिंतीवर आहे, रोज त्याच्यासमोर बसतो. आज जवळ जाऊन तारीख वाचली. तेरा नोव्हेंबर. निवडणुकीनंतर अवघे दहा आठवडे. वसंतात फक्त शपथ झाली. तुझ्या मजकुरापेक्षा हे वाईट दिसतं, मला ठाऊक आहे. तरी तारीख बरोबर घाल. वाटलं तर तारखेखाली लिही की मुलाने खात्री केली.

शनिवारी दुपारी निघतो, चारपर्यंत पोचेन. आईला आणायला आधी वृद्धाश्रमात जातो. ती म्हणते, तिला तिचा हिरवा कोट हवा आहे.

तुझ्या टेबलावर दोन खुर्च्या धरून ठेव.

लॉकी