पद्मालयच्या नवसाचं कोष्टक

पौष शु. १०, १९८७
पहाटे नलू मोठ्याने घोकते. बारावीचं तर्कशास्त्र. स्टोव्हवर चहा ठेवताना तेच कानावर. दोन विधानं, चार ओळी. स स, स अ, अ स, अ अ. स म्हणजे सत्य, अ असत्य. जपासारखं लागतं. गहू निवडताना माझे ओठ हलत होते. ह्यांची थोरली बहीण अक्का धुळ्याहून आलेली, तिने पाहिलं. "काय व, कोनतं नाव ली ऱ्हायनी?" म्हटलं, नवीन देवाचं नाव घेतेय.

पौष शु. १३
नलूला म्हटलं, मला आखू दे एक कोष्टक. खर्चाच्या वहीसारखं आखलं, आणि जिथे जिथे 'असत्य' तिथे नुसती आडवी रेघ. जे घडलंच नाही ते कशाला मांडायचं? पोरगी पोट धरून हसली. "आई, न घडलेलंही मांडायचं. त्यालाही ओळ असते."
दिवसभर तेच मनात. म्हणजे मॅट्रिकनंतर राहून गेलेल्या माझ्या कॉलेजलाही कुठेतरी ओळ...

पौष व. १
सावद्याचे लोक नलूला पाहून गेले. केळीचा मळा, मुलगा शांत. मुलाच्या आत्याने विचारलं, "तर्कशास्त्र शिकून काय करशील गं?" नलू म्हणाली, "सासूशी भांडेन." बाई इतक्या हसल्या की बशीतले पोहे सांडले. ह्यांना स्थळ फार पसंत. मी पाहुण्यांना विचारलं, पुढे शिकू द्याल ना? "लग्नानंतर पाहू." पौषात बोलणी नकोत, वसंत पंचमीला येऊन सांगतो म्हणाले.
नलूला धुळ्याला बी. ए. करायचंय. खाली बसून पोहे वेचत राहिली.

पौष व. ४, संकष्टी
"आई, एक जर-तर वाक्य दे." मी बोलून गेले, सावद्याचं जुळलं तर अनवाणी पद्मालयच्या गणपतीला जाईन.
नवस तिला कळू द्यायचा नव्हता. पेन्सिल थांबली. मग तिने तोच आखला.
जुळलं, गेले: नवस खरा. जुळलं, गेले नाही: खोटा. नाही जुळलं, तरी गेले: खरा. नाही जुळलं, गेलेही नाही: तोही खरा.
"दुसरी ओळ तेवढी टाळायची," म्हणाली. मग वहीकडे बघतच, "हे माझ्यासाठी मागितलंस की माझ्याविरुद्ध?"
चंद्र पाहून उपास सोडला. माझा मोदक तिच्या पानात सरकवला.

पौष व. ९
दुपारी पोथीवर डोळा लागला. चार अंगणं दिसली, एकाला लागून एक. पहिल्यात नलूच्या हातात हिरव्या बांगड्या, माझे पाय धुळीने भरलेले. दुसऱ्यात दिवा लावलेला नाही. तिथून पटकन निघाले. तिसऱ्यात धुळ्याची एस.टी. अंगणातच उभी, खिडकीत नलू. पाय इथेही धुळीचे. चौथ्यात फक्त तुळस, ऊन.
तिसऱ्यात ती हसत होती. पहिल्यात हसली होती का? आठवत नाही.

माघ शु. ४, गणेश जयंती
आज गेले. अक्का दारात आडवी. "आजून जुळनं बी नही, मंग कसाले जास व?" एरंडोलपर्यंत एस.टी., पुढे चपला पिशवीत. तळ्यात कमळं, पाण्यावर धुकं. गाभाऱ्यात दोन गणपती, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या. दोघांपुढे हात जोडले आणि मागायचं राहूनच गेलं. फेडून टाकला. आता जुळो, न जुळो, नवस खोटा पडत नाही. देव मोकळा, मी मोकळी.
घरी नलूने घमेल्यात ऊन पाणी आणलं. "जुळलं?"
"उद्या कळेल."
"मग आज का गेलीस?"
"दोनच ओळी शिल्लक ठेवल्यात गं."
ती पाय चोळत राहिली.
ह्यांना म्हटलं, उद्या पाहुण्यांसमोर आधी नलूला बोलू द्या. पेपर खाली घेतला, माझ्या पायांकडे पाहिलं. हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.
दोन्ही अंगणं डोळ्यांपुढे आहेत. बांगड्यांचं आणि एस.टी.चं. उद्या उठून कोणत्या अंगणात सडा घालते, पाहू.