नवव्या पुस्तकाचे पाय

अण्णा,

माझ्या दोन्ही मुली गेल्या आठवड्यापासून एकमेकींशी बोलत नाहीत. कारण विचाराल तर तुम्हाला आधी हसू येईल, आणि मग ते पुसलं जाईल. कारण एक पुस्तक. लहानपणापासून दोघी मिळून वाचत आलेल्या एका इंग्रजी मालिकेचं शेवटचं पुस्तक आलं. थोरलीच्या मते लेखिकेनं विश्वासघात केला, आणि धाकटीच्या मते थोरलीला वाचताच येत नाही. मोबाइलवर यांच्यासारखी ढीगभर मंडळी एकमेकांची उणीदुणी काढत बसली आहेत म्हणे. कुणी पुस्तक जाळतानाचा व्हिडिओ टाकलाय, कुणी लेखिकेचा उद्धार केलाय. आमच्याकडे खोलीच्या मधोमध दोरी बांधून चादर टाकलीय आणि जेवताना लोणचंसुद्धा माझ्यामार्फत मागितलं जातं. मी दिवसभर चिकलठाण्याच्या कारखान्यात यंत्राचे सुटे भाग तपासते, चांगला माल एकीकडे, खोट असलेला दुसरीकडे. घरी येऊन या भांडणात मात्र काय बोलावं ते सुचेना. "अगं, पुस्तकच तर आहे," असं अगदी जिभेवर आलं होतं. पण मी तुमच्या घरात वाढले, आणि तिथं हे वाक्य कधी कुणी उच्चारलं नाही. त्या उन्हाळ्यानंतर तर कुणाची छातीच झाली नसती.

गुलमंडीतली कापडाच्या दुकानावरची तुमची ती वाचनालयाची खोली आता साड्यांचं गोदाम झालीय. परवा मुद्दाम जिना चढून पाहिलं, तर नोकरानं "बाई, इथं किरकोळ विक्री नाय" म्हणून मला खाली पिटाळलं. तुमचे सभासद एकेक करून गारखेड्याला, त्याच्याही पुढं राहायला गेले. शहर पसरत गेलं तसं वाचनालय आटत गेलं. पण वाचनालय म्हटलं की मला अजून पुस्तकांचा नाही, पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा वास येतो. मागणी असलेलं नवं पुस्तक आलं की तुम्ही त्याची शिलाई उसवायचात, त्याचे तीन भाग करायचात आणि प्रत्येकाला वेगळा खाकी पुठ्ठा चढवायचात. एक प्रत, पण तीन घरांत एका वेळी वाचली जायची. लोकांनी त्या भागांना नावं पाडली होती: डोकं, पोट आणि पाय. "माझ्याकडं पोट आलंय, पाय कुणाकडं हायेत?" असं माणसं भर बाजारात ओरडून विचारायची आणि नवखा माणूस दचकायचा. ज्याचं डोकं वाचून झालं तो पोटवाल्याच्या ओसरीवर जाऊन बसायचा. मग चहा व्हायचा, पुढं काय होणार यावर पैजा लागायच्या. निम्मा बाजार अशानं एकमेकांच्या घरचा झाला होता.

आणि ही सगळी धावपळ सर्वांत जास्त व्हायची ती सांडणीस्वारासाठी. रानोमाळ भटकत राजाचे निरोप पोचवणारा तो उंटावरचा स्वार, त्याची ती हट्टी सांडणी, आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी घराच्या वाटेवरून त्याला परत फिरवणारा नवा निरोप. अशी आठ पुस्तकं झाली होती. लोकांना एवढंच हवं होतं की त्यानं एकदा घरी पोचावं. हे सर्वांत जास्त कुणाला हवं असेल तर ते घड्याळवाल्या चाचांना. तुमच्या जिन्याखालच्या फटीएवढ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसणारे चाचा उर्दू शाळेत शिकलेले. मराठी बोलायला एक नंबर, पण अक्षर वाचता यायचं नाही. म्हणून तुम्ही आठही पुस्तकं त्यांना दुकानात बसून मोठ्यानं वाचून दाखवलीत. ते तुम्हाला "पंडित" म्हणायचे. "पंडित, आवाज जरा उंच कर, ही कंबख्त घड्याळं मधी मधी बोलतात."

एक दिवस मी पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं, की स्वारानं इथं खोटं बोलायला नको होतं. तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन. तुम्ही खोडरबर हातात दिलंत, समोर बसवून ते पुसायला लावलंत आणि म्हणालात, "दुसऱ्यानं वाढलेल्या ताटात आपण मीठ टाकायचं नाही. आवडलं नाही तर उठावं. ताट बिघडवू नये." पान फाटेस्तोवर मी ते पुसलं होतं. फाटल्याबद्दल वेगळी बोलणी बसली. हे मी विसरलेले नाही, आणि पुढं जे झालं त्यामुळं विसरणं शक्यही नव्हतं.

नववं आणि शेवटचं पुस्तक आलं ते दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. नळाला पाणी आठवड्यानं, तेही काविळीच्या रंगाचं. तुम्ही खळ शिजवायला भांडंभर पाणी मागता आणि आई स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहते. "प्यायला थेंब नाही आणि तुमच्या पुस्तकांना खीर पाहिजे?" शेवटी तिनं भाताची पेज काढून दिली, तीत मैदा आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून तुम्ही भागवलंत. बांधणीआधी तुम्ही पुस्तक एकट्यानं वाचून काढलंत. जेवायला बसलात तेव्हा पहिला घास घेऊन थांबलात, आणि आईनं विचारल्यावर म्हणालात, "माणूस म्हातारा झालाय. दमलाय. दुसरं काही नाही." लेखकाबद्दल बोलताय हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी चहाची किटली घेऊन मी चाचांच्या दुकानात आले तेव्हा तुम्ही त्यांना पाय वाचून दाखवत होतात. त्या हिवाळ्यात चाची गेल्या होत्या. तेव्हापासून चाचा दुकान उघडायचे, पण पुष्कळशी घड्याळं दुरुस्त न होता तशीच परत जायची. ते फक्त या पुस्तकाची वाट पाहत होते. मी दारात उभी राहून ऐकते आहे. स्वार घरी पोचतो. दार उघडायच्या आत तो विहिरीवर जातो, पाणी शेंदतो, आधी सांडणीला पाजतो, मग स्वतः पितो, आणि मग दारावर थाप मारतो. चाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. त्यांचे गाल ओले झाले होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. "पोचला," ते म्हणाले. "हौ पंडित, पोचला एकदाचा." मला काहीतरी विचित्र वाटलं होतं, पण काय ते चहा ओतून झाल्यावर लक्षात आलं. इतका वेळ वाचत होतात, आणि तुम्ही पान उलटलं नव्हतं.

मग डोकं, पोट आणि पाय गावात फिरू लागले आणि भडका उडाला. छापलेल्या पुस्तकात स्वार घरी पोचतच नव्हता. शेवटच्या प्रकरणात कळायचं की स्वार नव्हताच, सांडणीही नव्हती. अंथरुणाला खिळलेला एक कारकून खिडकीतून रस्ता बघत हे सगळं मनाशी रचत होता. लोकांनी आधी एकमेकांना विचारून खात्री केली की पानं तर गळली नाहीत ना. मग दोन तट पडले. शाळेतल्या बाई एका बाजूला. त्यांचं म्हणणं, "इतकी वर्षं वाचलं ते काय येडं बनून घ्यायला?" औषधाच्या दुकानाचे मालक दुसऱ्या बाजूला. ते म्हणायचे की शेवट खोल आहे, तुमची समज उथळ आहे. या तटाकडं पाय गेले की त्या तटाला मिळेनात. कुणी पोट अडवून ठेवलं, कुणी पायांच्या पुठ्ठ्यावर दौत उपडी केली. लेखकाला सह्यांचं पत्र गेलं आणि त्याच्या उलट दुसरं पत्र गेलं. जे लोक परवापर्यंत एकमेकांच्या ओसरीवर चहा पीत होते ते टँकरच्या रांगेत एकमेकांचे हंडे पायानं मागं सारू लागले. आज माझ्या मुलींचा मोबाइल बघताना मला काही नवीन वाटत नाही. फक्त तिथं हंडे नाहीत.

त्या रांगेतच ते झालं. ऊन तापलंय, टँकर यायचाय, बाई आणि औषधवाल्यांचा वाद जोरात आहे. माझ्या पुढं चाचा, हातात पत्र्याचा डबा. त्यांना सगळ्या गल्लीचं हसू येत होतं. ते मोठ्यानं म्हणाले, "अरे लोगां, कायकू भांडता? सांडणीला पाणी पाजून घरात गेला ना तो? याच्याहून बढिया शेवट कोणता पायजे तुम्हाला?" बाईंनी विचारलं, "चाचा, कोणची सांडणी?" पाय त्या दिवशी बाईंच्याच पिशवीत होते. बाई वाईट नव्हत्या अण्णा, त्यांना वाटलं म्हाताऱ्याची काही गल्लत झालीय. त्यांनी ते शेवटचं पान तिथंच वाचून दाखवलं, शाळेत वाचतात तसं, स्पष्ट. कुणीतरी हसलं. चाचांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग रिकामा डबा उचलला आणि टँकर बोळात वळत असताना ते रांग सोडून निघून गेले. त्या उन्हाळ्यात पाण्याची रांग सोडून जाताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही.

मी धावत वर येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही तसेच अनवाणी खाली उतरलात आणि मी मागोमाग. चाचा घड्याळ उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "मेरेकू बच्चा समझा क्या, पंडित?" तुम्ही म्हणालात, "चाची गेल्यावर तुला हे कसं वाचून दाखवू? स्वार नव्हताच, घर नव्हतंच, हे माझ्या तोंडून निघेना." त्यांनी हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि आधीच्या आठांत तुझं किती होतं?" तुम्ही म्हणालात, "एक अक्षर नाही." ते म्हणाले, "आता कसं मानू?" तेव्हा मला तुमचा राग आला होता, आजही थोडा येतो. दया आली म्हणून खोटं सांगितलंत हे मी समजू शकते. पण तुमच्या एका खोट्यानं त्या माणसाची आठ खरी पुस्तकं हिरावून घेतली. त्याच्याकडं त्या वर्षी दुसरं काय उरलं होतं?

चाचा पुन्हा तुमचा जिना चढले नाहीत. पण पाऊस झाला, शाळा सुरू झाल्या, आणि एके दिवशी त्यांनी मला हाक मारून पाटीवर बाराखडी लिहून मागितली. नंतर काही महिन्यांनी म्हणाले, "पहिल्याचं डोकं आण. बापाला सांगू नको." मी सांगितलं नाही. पण तुम्हाला कसं कळलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी पहिल्याचं डोकं फळीवरून काढून, खाकी पुठ्ठा नवा चढवून, टेबलाच्या कोपऱ्यावर तुम्हीच ठेवलं होतंत. ते परत आलं की पोट तयार असायचं, मग पाय. नोंद तुम्ही कधी केली नाहीत. असं वर्षानुवर्षं चाललं. एका जिन्याच्या वर तुम्ही, खाली ते, आणि मधे मी, तुमचा अबोला पुठ्ठ्यात बांधून ने-आण करणारी. माझं लग्न झाल्यावरही मी माहेरी आले की एक भाग खाली जायचा. मला वाटायचं, आठही वाचून झाली की हे दोघं बोलतील. तुम्हालाही तसंच वाटत असावं, कारण आठव्याचे पुठ्ठे तुम्ही फार आधीपासून चढवून ठेवले होते.

तुम्ही गेलात त्या दिवशी चाचा खांदा द्यायला आले आणि तसेच परत गेले. पुढच्या वर्षी ते रिक्षा करून माझ्या घरी आले, काठी टेकत. खुर्चीवर बसायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं, "आठवं संपलं. तुझ्या बापानं लफ्ज इकडचा तिकडं केला नव्हता. मी कान लावून ऐकलेलं सगळं तसंच्या तसं हाय." मग पाणी पिऊन म्हणाले, "मी ठरवलं होतं, आठवं झालं की वर जायचं आन् त्याला हे सांगायचं. तो गेला तेव्हा मी आठव्याच्या पोटात होतो. मला लई हळू वाचता येतं, बेटी." आणि ते रडले. मीही रडले. मी कपाटातून नववं काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी डोकं उचललं, पोट उचललं, पाय माझ्याकडं परत सरकवले. "हे नको. हे मी ऐकलंय."

आता चाचाही नाहीत. आज संध्याकाळी चादरीच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा आवाजात मी मुलींना हे सगळं सांगितलं. कोण बरोबर ते मी सांगितलं नाही, कारण मला ते अजून ठरवता आलेलं नाही. मग धाकटीनं विचारलं, "आई, आजोबांचा तो शेवट पूर्ण सांग ना." थोरलीनं चादर बाजूला केली. ती म्हणाली, "हो, सांग."

अण्णा, हे पत्र मी त्या पायांच्या पुठ्ठ्यात ठेवणार आहे, ते कुणी वाचणार नाही, म्हणून खरं ते लिहिते. मला तुमचा शेवट पूर्ण आठवत नाही. दारात किटली घेऊन उभी असताना ऐकलेला तो. विहीर आठवते, आधी सांडणीला पाजलेलं पाणी आठवतं, थाप आठवते. दार कुणी उघडलं ते आठवत नाही. तुम्ही सांगितलं होतं की नाही, तेही नाही. मुली तोंडाकडं बघत होत्या. मी सांगितलं, दार त्याच्या बायकोनं उघडलं, आणि म्हणाली, "इतका उशीर?" दोघींना ते फार आवडलं. ते तुमचं आहे असंच त्यांना वाटतंय, आणि मी तसंच वाटू दिलं.