चहाचा पहिला थेंब

पण पप्पा, चहाचा थेंब कुणी शिंपडतं का? काल लातूरला मित्राच्या काकांनी हे विचारलं आणि तेव्हापासून माझं डोकंच बंद पडलंय.

झालं असं, काकांनी जपानहून लई जुनी व्हिस्की आणलेली. मी मोबाईलवर टेस्टिंगचे व्हिडिओ बघून बघून अर्धा एक्सपर्ट झालेलो. ग्लास तिरपा धरला, नाक आत घातलं. वास आला तो चक्क चंदनाचा, आपल्या देवघरातल्या उदबत्तीसारखा! काका म्हणाले, "जपानी ओकच्या लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरलीय, म्हणून. आता घे हळूच." आणि माझं बोट आपोआप ग्लासात गेलं, एक थेंब फरशीवर उडाला. "अबे, एवढ्या भारी मालाचा फरशीला नैवेद्य?" काका हसून राहिले होते. "वडिलांचं बघून शिकलास व्हय?"

"हाव. पण ते पीत नव्हते. चहाला करायचे."

काकांचं हसू थांबलं. "चहाचा थेंब कुणी शिंपडतं का बेटा? दारूचा पहिला थेंब जमिनीला देत्यात, पिणाऱ्याचं बोट हाय ते. दारू सुटली असंल, बोट न्हाई सुटलं."

मला एकदम नांदेडचं आपलं किचन दिसलं. तुम्ही पाटावर बसलाय, बशीत चहा, बोट बुडवून एक थेंब जमिनीला. आई लगेच फडक्यानं पुसते. मला वाटायचं, ही आपल्या घरची प्रेयर आहे. स्कूलमध्ये मी वॉटर बॉटलमधलं पाणीपण शिंपडायचो, टीचर ओरडायच्या. आणि मामांनी आणलेल्या चॉकलेटमध्ये रम निघाली, तेव्हा तुम्हीच ना मला बेसिनपाशी उभं करून थुंकायला लावलं? "आपल्या घरात हे चालत न्हाई." आणि तुम्ही तडक घराबाहेर निघून गेलात. मला वाटलं, राग आलाय. आता वाटतंय, तो वास तुमच्याही नाकात गेला असेल.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. हे विचारायची अक्कलच नव्हती. आज सकाळी आईचा फोन आला, "जेवलास का रे?" ओठांवर आलेलं गिळलं. आता लिहून काढलं, पण हे पाठवणार कुठं? बॅगेतच राहील.

एक सांगतो, रागावू नका. व्हिस्की मला लई आवडली. अजून एक घ्यावी वाटली, आणि मग माझ्याच बोटाकडे बघून भीती वाटली. आईला विचारू का पप्पा, का राहू देऊ? तुम्हाला काय वाटतं?