सातव्या मिनिटानंतर

ज्याच्या कृपेने शब्द सुचतो, आणि ज्याच्या त्याहून थोर कृपेने तो वेळेवर थांबतो, त्या परमेश्वराला प्रथम वंदन.

चिरंजीव धाकटीस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. माझे येथे क्षेम आहे; म्हणजे उजवा कान होता तसाच आहे, डाव्याने त्याचे अनुकरण आरंभले आहे, आणि दोन्ही गुडघ्यांचे आता कोणत्याही विषयावर एकमत होत नाही. तुझा खोकला कसा आहे? लेकीचे घर अकराव्या मजल्यावर, तेव्हा वारा फार असणार, मफलर वापरावा. तुझे पत्र पोचले. त्यात खुशालीच्या दोन ओळी आहेत आणि तिसरी अशी, की "आता मी इकडेच राहीन म्हणते, घराला गिऱ्हाईक पाहावे." ती तिसरी ओळ मी अनेकदा वाचली. तिचा परामर्श योग्य स्थळी घेईन. तत्पूर्वी तुझे यजमान आणि साऱ्या गावाचे कर्नलसाहेब यांच्या मरणोत्तर गौरवसमारंभाचा वृत्तांत तुला कळवणे हे थोरल्या भावाचे कर्तव्य आहे, कारण तू काही आली नाहीस. (रागावलेलो नाही. रागावलो होतो; पण जपाच्या तिसऱ्या माळेला राग उतरला, आणि चौथ्या माळेला माझेच डोळे भरून आले, तेव्हा तो विषय मी आवरता घेतला.)

तर, नगरपालिकेच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले आणि भिंतीवर तैलचित्र लावले. चित्रकाराने बापड्याने त्यांना हसरे काढले आहे. कारखान्याचा फोरमन त्या चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला आणि मला हळूच म्हणाला, "गुरुजी, साहेब असे हसले की आम्ही समजायचो, आज कुणाची तरी धडगत नाही." नगराध्यक्षा (माझी जुनी विद्यार्थिनी, विभक्तिप्रत्यय हिला शेवटपर्यंत पाठ झाले नाहीत, पण गाव उत्तम चालवते) आपल्या भाषणात सारे काही बोलली: सैन्यात वीस वर्षे नद्यांवर पूल बांधले, निवृत्त झाल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये नळाच्या तोट्यांचा कारखाना काढला, दोनशे घरांना काम दिले, आणि नगराध्यक्ष झाल्यावर गावात पाणी आणले. विरोधक तेव्हा म्हणत, "आधी तोट्या केल्या, मग त्या खपाव्यात म्हणून पाणी आणलं!" त्या टोमण्यापायी कर्नलसाहेबांनी आपल्या कारखान्याची एकही तोटी नगरपालिकेच्या इमारतीत बसू दिली नाही, हे तुला ठाऊकच आहे. परिणामी सबंध गावात गळके नळ फक्त त्या एका इमारतीत राहिले. हा तपशील पुढे उपयोगी पडेल, लक्षात ठेव.

आता घड्याळाकडे वळतो. (सूत्र दोन शब्दांचे आणि भाष्य चाळीस पानांचे, ही आपल्या पूर्वसूरींची रीत आहे, मी तिचा दासानुदास.) छावणीतून आणलेले, डोक्यावर दोन घंट्यांचे, एका बाजूने चेपलेले ते गजराचे घड्याळ कर्नलसाहेब प्रत्येक सभेत टेबलावर ठेवत. वक्ता कोणीही असो, सात मिनिटे. मंत्री आला, सात मिनिटे. जलशुद्धीकरण केंद्राच्या उद्घाटनात मी ईशस्तवनातून पृथ्वी, पृथ्वीतून जल, जलातून नळ असा क्रमाने उतरत होतो. पृथ्वीवरच गजर झाला. तुझ्या लेकीच्या लग्नात मी आशीर्वादपर चार शब्द बोलायला उभा राहिलो आणि वराचे नाव येण्यापूर्वी घंटा वाजली. फार कशाला, शाळेतून निवृत्त झालो त्या दिवशी, ज्या सभेत मी स्वतःच निरोप घेत होतो, तिथेही तोच प्रकार. माझा निरोप अद्याप पूर्ण झालेला नाही असे शास्त्रतः म्हणता येईल. सव्वीस वर्षांत माझे एकही भाषण शेवटास गेले नाही. माझ्यापाशी न वाचलेल्या उपसंहारांची एक पत्र्याची पेटी आहे.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात नगराध्यक्षा घरी आली आणि म्हणाली, "गुरुजी, आता घड्याळ नाही. तुम्ही मनसोक्त बोला." धाकटे, खरे सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. मी पेटी उघडली. अठरा पाने लिहिली. दानशूर राजे, तपस्वी ऋषी, समुद्र, मेरुपर्वत, सारे काही कर्नलसाहेबांच्या सेवेस हजर केले. धोतर नवे नेसलो. सभागृह तुडुंब. मी बोलू लागलो, आणि माझ्या स्वतःच्या कानांवर (जो काही कान शिल्लक आहे त्यावर) विश्वास बसेना, इतका ओघ लागला. समुद्र झाला, मेरुपर्वत झाला, पान उलटले, आणि मी थांबलो.

कशासाठी थांबलो हे मलाही क्षणभर कळेना. मग समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सात मिनिटे झाली होती. मी गजराची वाट पाहत होतो.

तो वाजला नाही. मी टेबलाकडे पाहिले. तिथे पुष्पगुच्छ होता. पुढचे वाक्य पानावर ठळक अक्षरांत होते, पण ते काही उचलले जाईना. सभागृह चिडीचूप. इतक्यात पहिल्या रांगेतल्या एका सुज्ञ गृहस्थांना वाटले की गुरुजींनी श्रद्धांजली म्हणून मौन सुरू केले, आणि ते उभे राहिले. मग दुसरी रांग उभी राहिली, मग सारेच. पंख्याखालचे छायाचित्रकारही कॅमेरा खाली घेऊन उभे राहिले. त्या शांततेत इमारतीच्या मागल्या बाजूची तोटी गळत होती, टप्, टप्, टप्, आणि फोरमन मान खाली घालून हुंदका दाबत होता. मला वाटले, शोक. नंतर म्हणाला, "गुरुजी, साहेब असते तर आधी ती तोटी बंद केली असती." कार्यक्रम तिथेच संपला. लोक माझ्या पाया पडले. असे प्रभावी भाषण गावात झाले नव्हते म्हणतात. अकरा पाने तशीच राहिली.

आता जे लिहितो ते तुला ठाऊक आहे की नाही, मला ठाऊक नाही. गजर झाला, सभा संपली, की आम्ही दोघे चालत परतत असू. कारखान्याच्या कुंपणापाशी ते म्हणत, "हं गुरुजी, आता होऊ द्या राहिलेलं." आणि मी उपसंहार म्हणत असे, सबंध. मधे कधी बोलले नाहीत. तुमच्या घराचे फाटक आले आणि माझा श्लोक उरला असला, तर फाटक ओलांडून कोपऱ्यापर्यंत पुढे चालत आणि मला घेऊन परत येत. एकदा मी रागाने विचारले, "मग सभेत का ऐकत नाही?" म्हणाले, "तिथल्या लोकांना घरी जायचं असतं. मला काय, मी तुमच्याबरोबरच निघालोय." त्या अकरा पानांचे पुढे काय झाले, हे आता तुला सांगायला हवे. त्या संध्याकाळी मी एकटाच त्या रस्त्याने आलो, कुंपणापासून सुरुवात केली, आणि तुझ्या फाटकापाशी शेवटच्या श्लोकावर आलो. मागून फोरमन आला. "गुरुजी, कुणाशी बोलताय?" मी म्हटले, "कुलपाशी." तो तर्कशुद्ध माणूस आहे, श्लोक संपेतो शेजारी उभा राहिला. पण त्याला घरी जायचे होते, ते त्याच्या पायांकडे पाहून कळत होते.

असो. प्रकृतीस जपावे.

तुझा
दादा

ता. क. : ते घड्याळ तू जाताना कपड्यांच्या घडीत ठेवून नेलेस, हे मी पाहिले होते, तेव्हा बोललो नाही. सभागृहात त्यासाठी काचेचे कपाट करायचे ठरले आहे. तरी ते पाठवावे.

आणखी ता. क. : कुरियरने पाठवू नये. त्याची काच आधीच तडकलेली आहे. कोणीतरी जबाबदार माणसाने, मांडीवर घेऊन, स्वतः आणावे.

तिसरा ता. क. : काचेच्या कपाटाचे मी मघाशीच ठरवले. नगराध्यक्षेला अजून कळवलेले नाही.

चौथा ता. क., तुझ्या तिसऱ्या ओळीविषयी : गिऱ्हाइके तीन आली. प्रत्येकाला मी घर स्वतः दाखवले. पायाच्या दगडापासून सुरुवात केली. घड्याळ नसल्याने मला वेळेचे भान राहत नाही. पहिले गृहस्थ स्वयंपाकघरापर्यंत टिकले, दुसरे बैठकीतूनच परतले, आणि तिसरे "गाडी जरा सावलीत लावून येतो" म्हणून गेले, त्याला आज बारा दिवस झाले. घरातल्या सर्व तोट्या मात्र मी रोज उघडून बंद करतो. एकही गळत नाही.

शेवटचा : हे पत्र तुझ्याआधी तुझी लेक वाचणार, जावईबापू वाचणार, आणि नात मोठ्याने वाचून दाखवणार, हे मी जाणतो. म्हणून वाचणाऱ्या सर्वांनाच आशीर्वाद देतो : परमेश्वर तुम्हाला चारचौघांत मध्येच थांबवणारे एक माणूस देवो, आणि घरी परतताना उरलेले सारे ऐकून घेण्यासाठी त्याच माणसाला उदंड आयुष्य देवो.