पितळी बगळ्याची बायको

डुलुथ,
१० मार्च

प्रिय कोरीन,

तू बरी असशील. मीही ठीक आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण अंगणातला बर्फ अजून मीच काढतो. सरोवर काठाकाठाने वितळायला लागलंय, मध्ये अजून पांढरंच आहे.

तुझं पत्र मिळून महिना होत आला. जूनमध्ये तू रसेलशी लग्न करते आहेस हे त्यातून कळलं. तू मला जे विचारलंस तेही वाचलं: तुझे वडील हयात नाहीत, तर चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत मी तुझ्यासोबत चालेन का? याचं उत्तर मी याच पत्रात देणार आहे. पण आधी दुसरंच काही सांगावं लागेल. थेट उत्तरापासून सुरुवात करायला बसलो की माझा हात चालत नाही.

मी कॉमिक्स वाचायला लागलोय. हसलीस तरी चालेल.

आपला ब्राइस गेल्यानंतरच्या वसंतात रोझचा फोन आला होता. तिचं कॉमिक्सचं दुकान तुला माहीत आहे. दर बुधवारी नवे अंक येतात आणि ज्याने जे सांगून ठेवलंय ते त्याच्या नावाच्या कप्प्यात टाकून ठेवतात. ब्राइसचा कप्पा बंद करायचं आपल्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. रोझ म्हणाली, "मिस्टर नायगार्ड, कप्पा भरून वाहतोय हो. विकायला मन होत नाही आणि ठेवायला जागा नाही. तुम्हीच सांगा काय करू."

मी तो बंद करायलाच गेलो होतो. तिने गठ्ठा हातात दिला. घरी नेण्याआधी, पोराला यात काय दिसत होतं ते एकदा पाहावं म्हणून गाडीत हीटर लावून बसलो. हाती आलेला अंक गोष्टीच्या अधलामधला होता. पितळेचे पंख लावलेला एक माणूस धरणाच्या भिंतीवर एका पायावर उभा, आणि कोणी बदमाश जलाशयात तीन पिंपं विष ओततोय. नाव काय, तर ‘पितळी बगळा’. आता मी जन्मभर शहराच्या पाणीखात्यात नोकरी केलेला माणूस. एवढ्या पाण्यात तीन पिंपांनी काही होत नाही! हे त्या बगळ्याच्या ध्यानात येतं का ते बघायला पान उलटलं. नाही आलं. पण तोवर बंदरावर त्याची बायको आयनेझ जहाज आत आणत होती आणि धुकं दाटलं होतं. मग ते सोडून कसं उठणार? गाडीत बसून तीन अंक वाचले.

पुढच्या बुधवारी रोझला म्हणालो, कप्पा राहू दे.

तेव्हापासून बुधवार चुकवलेला नाही. दुकानात क्लेम म्हणून एक पोस्टमन येतो, टपाल वाटून झालं की थेट तिथेच. मी पहिल्यांदा त्याला माझा अंक दाखवला तेव्हा तो किंचाळलाच. मी प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठावर बॉलपेनने नाव आणि वाचल्याची तारीख घालत होतो, खात्यातल्या पुस्तिकांवर घालायचो तशी.

"पेनाने? मुखपृष्ठावर? अहो इंजिनिअरसाहेब, हे म्हणजे नवरीच्या तोंडावर शिक्का मारण्यासारखं झालं!"

"कोणाचा अंक आहे ते कळायला नको?" मी विचारलं.

रोझ म्हणाली, "लेन, लोक याला हातमोजे घालून हात लावतात."

"मग वाचतात कधी?"

आता मी नाव घालत नाही, पण कोटाच्या खिशात अंक गुंडाळून नेतो, आणि क्लेम तोंड फिरवतो.

मला हे सगळं फार आवडायला लागलंय, कोरीन. कोणाचा मुखवटा कोणाकडून आला, कोण कोणाचा सावत्र भाऊ, मला आता पाठ आहे. सकाळी दाढी करताना मी बगळ्याच्या अडचणींचा विचार करतो. या वयात नवीन काही आवडू शकतं हे मला माहीत नव्हतं. आणि ब्राइसला सांगावंसं वाटतं. मग आठवतं.

गेल्या शरद ऋतूत बगळा मेला. पूर आला, त्याने शहर वाचवलं आणि स्वतः खाली राहिला. शेवटच्या पानावर नुसतं पाणी होतं. मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. बुधवारी दुकानात गेलो, टोपी काढली आणि रोझला म्हणालो, "वाईट झालं." खरोखर सांत्वनाला आल्यासारखा.

क्लेम खो खो हसला. "साहेब, तुम्ही नवीन आहात! अहो, हा चार वर्षांपूर्वीही मेला होता. परत येतो तो. सगळेच येतात. या धंद्यात कोणी मेलेलं राहत नाही!"

रोझने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा कानापर्यंत लाल झाला. तो माझ्यासाठी कॉफी घेऊन आला, साखर घातलेली. मी साखर घेत नाही. प्यायलो.

पण खरं सांगतो, मला ते ऐकून बरं वाटलं होतं. वाट बघायला काहीतरी मिळालं होतं. डिसेंबर, जानेवारी, दर अंक मी आधी शेवटून उघडायचो. तो आला का?

तो आला नाही. आयनेझचेच अंक येत राहिले. ती जहाजं आणते, एकटीच जेवते. फेब्रुवारीत तिची एका दंतवैद्याशी ओळख झाली. साधा माणूस, टक्कल पडत चाललेलं, पंख वगैरे काही नाही. आणि त्या अंकात ती पहिल्यांदा हसली.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात. मी ते वाचलं, घडी घातली आणि टोस्टरच्या मागे ठेवलं.

परवाच्या बुधवारी क्लेम तावातावाने बोलत होता. "दंतवैद्य! नवरा तिकडे पाण्याखाली, आणि ही दात दाखवत बसलीये! थोडी वाट बघायला काय झालं होतं हिला?"

मी दुकानात फारसा बोलत नाही. त्या दिवशी बोललो. म्हणालो, "क्लेम, तो परत येणार हे तुला माहीत आहे. कारण तू पुस्तकाच्या बाहेर उभा आहेस. ती आत आहे. तिच्या लेखी तो गेलाय. ती रोज घरी येते आणि तो नसतो. तिने कशाची वाट बघायची?"

माझा आवाज जरा चढला असावा. क्लेम हळूच म्हणाला, "बरोबर आहे, साहेब." माझे अंक पिशवीत घालायला रोझला बराच वेळ लागला.

गाडीत बसल्यावर मला कळलं की मी काय बोललो होतो. मीसुद्धा बाहेर उभा नाही. इतके दिवस मी तसा उभा होतो, शेवटचं पान आधी उघडणारा. तू मात्र पहिल्या दिवसापासून आत होतीस. हॉस्पिटलातून ब्राइसचे बूट तूच घरी आणलेस. त्या रिकाम्या घरात तू एकटीने दिवस काढलेस. तू कोणाला सोडून चाललेली नाहीस. ब्राइस परत येणार नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय, आणि ते तुलाच लिहायचं होतं.

तर हो. मी चालेन.

तुझ्या वडिलांची जागा मी घेणार नाही, माझ्या पोराची तर नाहीच. मी माझा म्हणून तुझ्या शेजारून चालेन. काळा सूट घालणार नाही. करड्या रंगाचा बघून ठेवलाय, बाह्या थोड्या लांब आहेत, त्या शिंपी आखूड करून देईल. रसेलला सांग की मी कमी बोलतो, त्याचा त्याने वाईट अर्थ घेऊ नये. तो हसरा आहे असं तू लिहिलंस, ते बरं झालं. तुला हसताना पाहून दीड वर्षाच्या वर झालं.

कायद्याने हे नातं जूनमध्ये संपतं की राहतं, मला ठाऊक नाही. मी कोणाला विचारायला जाणार नाही.

तुझा सासरा,
लेनर्ड