वाळ्याचा ठोंब

१४ मे १९८४

प्रिय केशर,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. पहिलं अर्धं झालं तेव्हा चुलीवरचं दूध उतू गेलं, ते निमित्त करून फाडून टाकलं. दुसऱ्यात नुसती गावची खबरबात भरली आणि वाचून माझीच मला चीड आली. आज बालवाडीला सुट्टी आहे, सासूबाई अणदूरला खंडोबाला गेल्यात, घरात कुणी नाही. म्हणजे सबब उरलेली नाही. तरी एवढ्यात दोनदा उठून दारात जाऊन आले. ओढ्याच्या बाजूनं धूळ उडताना दिसते आणि मग बसवत नाही.

तुझ्या मागच्या पत्रात तू लिहिलंस, की तुझ्या आबांना मुरुम गाव काही मानवत नाही. दवाखान्याच्या क्वार्टरात दिवसभर पाय मुडपून बसतात आणि सकाळी उठून डालड्याच्या डब्यातल्या वाळ्याच्या ठोंबाला तांब्याभर पाणी घालून त्याच्याशी बोलतात. तू ते गमतीनं लिहिलं होतंस. मला हसू आलं नाही. ते वाचल्यापासून कशातच लक्ष लागत नाही बघ. बालवाडीत परवा मुलांना एकच गाणं तीनदा म्हणायला लावलं, शेवटी तुमच्या वस्तीतल्या विठाबाईच्या नातीनं मला टोकलं.

आबांच्या बागेला आपण किती हसायचो, आठवतं? तुमच्या वस्तीपासून ओढ्याच्या वळणापर्यंत दोनशे पावलं. वर करंज, मग निर्गुडी आणि तरवड, अगदी पाण्याच्या कडेला वाळा. ना गुलाब, ना जास्वंद. शाळेत गुरुजींनी बागेवर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा तू आबांची बाग लिहिलीस आणि सगळा वर्ग खिदळला. मीही खिदळले. आबांनी एकाही झाडाला कधी घागरभर पाणी घातलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "हिला पाणी लागत न्हाय पोरी. हीच धरून ठिवती." संक्रांत झाली की निर्गुडीचे फोक तोडायचे आणि गावाला कणग्या विणायला द्यायचे. आमच्या घरातली ज्वारीची कणगीही त्याच फोकांची. पण तोड गुडघ्याच्या वर. खाली कोयता लागला की आबांसारखा शांत माणूस अंगावर यायचा.

बहात्तरचं साल तर विसरण्यासारखं नाही. मी गावातच दिलेली नवी नवरी, तू नर्सिंगला जायची होतीस, आणि आपण दोघी रस्त्याच्या कामावर एकाच ढिगावर खडी फोडत होतो. ओढा पांढराफटक पडला होता. सगळ्या गावाच्या विहिरी आटल्या आणि आबांनी वाळ्याच्या खाली वाळूत झिरा खणला. वाटीवाटीनं पाणी यायचं, पण यायचं. पहाटेपासून तिथं बसून ते प्रत्येक घराला आपापली पाळी देत. एरवी तुमच्या सावलीचाही विटाळ मानणाऱ्या माझ्या सासूबाई घागर घेऊन तिथं उभ्या राहिल्या. आबा उठून बाजूला झाले आणि सासूबाईंनी आपल्याच वाटीनं घागर भरली. अडीच महिने आमचं घर त्या पाण्यावर जगलं. पाऊस झाल्यावर आमच्या घरात त्याचं कुणी नाव काढलं नाही. मीही नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. गेल्या वर्षी आम्ही बायकांनी रोपवाटिकेची सहकारी संस्था काढली, हे तुला कळवलं होतंच. मला लिहितावाचता येतं म्हणून मला अध्यक्ष केलं आणि मी लगेच चढून गेले. निलगिरीची दहा हजार रोपं पिशव्यांत वाढवायची होती. जागा पाण्याजवळ हवी होती. मी पहिल्याच सभेत उठून म्हणाले, की वस्तीजवळचं झुडूप काढून टाकू. जागाही होईल आणि झुडपं जे पाणी पितात ते वाचून वस्तीच्या विहिरीला दोन हात पाणी वाढेल. बहात्तर पाहिलेल्या बायका त्या. कुणी पाणी पितंय म्हटलं की कुणालाही ते शत्रूच वाटणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. विठाबाईनंसुद्धा.

आबा बाहेर उभे राहून ऐकत होते. दारात येऊन म्हणाले, "सत्यभामा, कापायचं तर गुडघ्यावर काप. मुळाला हात लावू नगं." आणि मी, अकरा बायकांसमोर, त्यांना म्हणाले, की आबा, तुमचा काळ गेला, आता शास्त्रानं चालायचं. केशर, शास्त्रातलं मला काय कळत होतं गं? ते काठी टेकत निघून गेले. चार दिवस आम्ही कुदळीनं मुळं उपटत होतो. वाळ्याची मुळं बायकांनी जुड्या बांधून घरी नेली, माठात टाकायला. त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक माठाच्या पाण्याला वाळ्याचा वास होता. मी आमच्या पाण्याचं कौतुकही केलं.

भाद्रपदात तीन दिवस पावसानं झोडपलं आणि ओढ्याची दरड वस्तीच्या बाजूनं ढासळली. वीतभर निलगिरी काय धरणार? सगळी माती वाहून वस्तीच्या विहिरीत बसली. झिऱ्याच्या जागी आज कंबरभर चिकट गाळ आहे. वस्तीतल्या बायका तेव्हापासून मैलावरच्या मळ्यातून पाणी आणतात आणि विठाबाई वाटेत भेटली तर डोक्यावरची घागर सावरत मलाच विचारते, बरं हाय का बाई. आबा माघात तुझ्याकडे आले ते म्हातारपणामुळं नाही. एवढ्या लांबून पाणी आणायला त्यांच्यात बळ नव्हतं आणि कुणाकडे मागणं त्यांना जमलं नाही.

तेव्हा मी तुला कळवलं होतं, की सरकारी माणसं आली आणि बाग काढून गेली. ते खोटं होतं. ठरावाच्या वहीत पहिली सही माझी आहे. आणि तू उत्तरात लिहिलंस, की आबाही तसंच म्हणतात, सरकारचं काम, कुणाला बोलायचं. ते वाचून मी हातातलं काम टाकून भिंतीला टेकून बसले. माझं खोटं त्यांनीच झाकून ठेवलं होतं, तेही पोटच्या लेकीपासून. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी इतकी तळमळले नसते.

परवा वरच्या अंगाला धुळाप्पाच्या शेताकडे गेले होते. धुळाप्पाचा आळस तुला माहीत आहे. बांधावरची निर्गुडी काढायची काढायची म्हणत त्यानं दहा वर्षं घालवली. तिथं ओढ्याच्या वाळूत सहज हात घातला तर कोपरापर्यंत ओल. मे महिन्यात! मी तिथंच बसून राहिले. धुळाप्पा म्हणाला, "काय हरवलं का वैनी?" मी त्याला काहीतरी थाप मारली. पुन्हा थापच.

उद्या संस्थेची सभा आहे. जुना ठराव मी स्वतः वाचणार आणि माझी चूक आधी सांगणार. घरात वादळ होईल, होऊ दे. निर्गुडीचे फोक धुळाप्पा देतो म्हणालाय. करंजाच्या बिया मुलांकडून वेचून घेतल्यात, टोपलंभर झाल्यात. मृगाला महिनाही उरला नाही आणि वाळा मात्र कुठंच नाही. चारी वाटा हिंडले, नदीपर्यंत जाऊन आले. आपल्या ओढ्याचा वाळा आता फक्त तुझ्या ओसरीवर, डालड्याच्या डब्यात शिल्लक आहे.

म्हणून हे पत्र. ठोंब कुणाबरोबर पाठव, असं मी म्हणाले असते तर तू पाठवलाही असतास, काही न विचारता. तसा मला तो नको. मी पुढच्या सोमवारी सकाळच्या एस.टी.नं मुरुमला येते आहे. त्याआधी हे पत्र आबांना मोठ्यानं वाचून दाखव, एक ओळही गाळू नकोस. ठोंबाचे फुटवे कसे करायचे, कुठल्या वळणाला लावायचे, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. ते परत आले तर त्यांच्या घरचं पाणी मी भरीन, विहीर उपसून होईपर्यंत रोज. नाही आले तरी मी भांडणार नाही. डबा बाहेर पायरीवर ठेवलेला दिसला, तर मी समजेन, तो उचलीन आणि आल्या पावली परत फिरेन. डबा जागच्या जागी असला तर दार वाजवीन. तेव्हा चहाच्या नादाला लागू नकोस, आधी पाणी दे. तुमच्या झिऱ्यावर मी अडीच महिने जगले, पण तुझ्या घरात बसून, तुझ्या हातून तांब्याभर पाणी मी आजवर एकदाही प्याले नाही. आबांना जयभीम सांग.

तू अजून म्हणू देशील तर, तुझीच
सत्यभामा