कापलेली सहा मिनिटं

१२ जानेवारी, सोमवार

डोकं फिरलंय! कॉलेजच्या स्नेहसंमेलनात शैलेश सर 'तो' सिनेमा दाखवणार – गावात पहिला टीव्ही येतो आणि सगळा गोंधळ उडतो, तीस वर्षांपूर्वीचा. "अगं, आपल्याच भागात शूटिंग झालंय! पोरं हसून लोळतील."

हसतील ना. कोणाला? आम्हाला! अख्ख्या सिनेमात आम्ही वारली दिसतो सहा मिनिटं. टीव्हीला देव समजून त्याच्यापुढे नाचतो. कोणाच्या तोंडी एक धड वाक्य नाही. वर तोंडाला काजळी फासलेली – म्हणे पुरेसे काळे दिसत नव्हते.

त्या नाचात तारपा वाजवणारे माझे बाबा. मी एकदाच पाहिला, आठवीत, शेजाऱ्यांकडे. नाच अर्धाही झाला नव्हता, उठून आले.

१४ जानेवारी

सरांशी भांडले. "विनोद आहे गं, किती मनाला लावून घेतेस!" म्हटलं, तुमच्या वाडीतल्या माणसांना काजळी फासून नाचवा, मग मीही हसते. शेवटी तोड निघाली – सिनेमा दाखवायचा, तो नाच कापून.

१५ जानेवारी

लॅबमधल्या चिरागने कापलासुद्धा. सुटले एकदाची.

१८ जानेवारी, रविवार

गावी, पामला, बाबांकडे गेले. त्यांना कुठून कळलं देव जाणे. "हेतल, तो पिच्चर लावनार हाय ना? मला ने."

असा संताप आला! अहो, काजळीचं सोडा, पण तारप्याला पाठ दाखवून कोणी नाचतं का? आमच्यात तोंड तारप्याकडेच ठेवायचं, हे लहान पोरालाही कळतं. तिथे सगळ्यांना कॅमेऱ्याकडे वळवलं. आणि यांना तेच बघायचंय! मी बरंच बोलले. ते ऐकत राहिले. "खरा हाय तुजा. पन मला ने."

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. तेव्हापासून या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. नेईन म्हटलं. कापल्याचं सांगितलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. पोरं हसत होती, ते नाही. टीव्हीचं खोकं उघडलं तसे पुढे सरकून बसले – आणि पडद्यावर थेट दुसरा दिवस उजाडला.

दिवे लागले तरी उठेनात. "नाच कुठं गेला?"

"मी काढायला लावला, बाबा."

रिक्षा पामच्या फाट्याला वळली तेव्हा बाबा म्हणाले, "समदी वळली. एक बाय नाय वळली. डायरेक्टर लय वरडला तिला. ती म्हनली, तारप्याला पाठ नाय दाखवायची."

"कोण?"

"तुजी आय."

२४ जानेवारी

चिरागकडून तो तुकडा मागून आणला. सगळ्यांची काळी केलेली तोंडं दिसतात. आईची फक्त पाठ.